पायताण उलटं करून बघा

चप्पल फुटली ती पुण्यात, लक्ष्मी रस्त्यावर, ऑगस्टातल्या एका किरकोळ सरीत. दिसायला सगळं कोल्हापुरी होतं: मधाचा रंग, पट्ट्यावर ठसे, अंगठ्यापाशी लाल गोंडा. पाणी लागलं तसा तळ फुगला आणि टाचेपाशी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यासारखा उलगडायला लागला. पुठ्ठ्यासारखा कसला, पुठ्ठाच होता तो. वर एक पापुद्रा, खाली एक पापुद्रा आणि मधल्या थरावर कुठल्याशा खोक्याची निळी अक्षरं. एक चप्पल पायात आणि एक हातात अशी मी रिक्षा शोधत होते, तेव्हा राग आला तो दुकानदारापेक्षा स्वतःचा. विकत घेताना मी ती उलटी करून पाहिलीच नव्हती.

आमच्या आजोबांनी पाहिली असती. तासगावकडच्या आमच्या गावात ते दारात येण्याआधी त्यांच्या पायताणाची करकर यायची आणि आम्ही पोरं अभ्यासाला बसल्याचं सोंग करायचो. ते पायताण गावातच व्हायचं. माप घ्यायला यायचे ते अंगणात उकिडवे बसत, आजोबा ओसरीच्या कडेवर बसून पाय खाली सोडत. बलुतं सुगीत धान्याने. ओसरीवर त्यांना कधी कुणी बोलावलं नाही, हे मला आता आठवतं. तेव्हा ते दिसतच नव्हतं.

जानेवारीत कोल्हापूरला गेले ते ही करकर डोक्यात घेऊन. मैत्रिणीच्या भावाने सुभाषनगरातल्या एका घरी नेलं. घर म्हणजे पुढची खोली कारखाना आणि मागची स्वयंपाकघर. मैत्रिणीचा भाऊ त्यांना मामा-मामी म्हणतो, म्हणून मीही. मामा साठीच्या पुढचे, मामी त्यांच्याहून थोड्या लहान. मी दारात उभी राहून चपला काढायच्या की नाही या विचारात होते. मामा म्हणाले, “या की ताई आत, चपलंच्या घरात चपलंचं काय एवढं!”

पहिल्यांदा आला तो वास. तेलाचा, ओल्या पोत्याचा आणि त्याखाली आणखी काहीतरी, चहाचा चोथा दोन दिवस ठेवल्यावर येतो तसा. हा वास कसला म्हणून मी विचारलं आणि मामांनी कोपऱ्यातल्या डब्यातून एक सुकलेलं, कडा उमटलेलं फळ काढून हातावर ठेवलं. हिरडा. आता इथे कुणी कातडं कमावत नाही, त्यांच्या वडिलांच्या वेळचा डबा आहे, पण आलेल्या माणसाला दाखवायला मामा तो भरून ठेवतात.

हिरडा माझ्या ओळखीचा. आमच्याकडे गुटीच्या सहाणेवर जे काय उगाळलं जायचं त्यात तो असायचाच. मी सवयीने कडेचा तुकडा तोडून तोंडात टाकला आणि जीभ, गाल सगळं आतल्या आत आवळून आलं. मामा हसले. “तेच ओ. कातडंबी तसंच आवळून येतं.”

एवढ्या सोप्या शब्दांत मला रसायनशास्त्र कधी कुणी शिकवलं नव्हतं. हिरड्यात, बाभळीच्या सालीत आणि चहातही टॅनिन असतं, आणि ते प्रथिनाला घट्ट धरतं. तोंडात ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. कुंडात कातड्यातल्या कोलॅजनला धरतं, म्हणून कातडं सडायचं थांबतं. जुनी रीत अशी: कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवायचं, मग त्या कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगायची, आत हिरडा आणि सालीचं पाणी भरायचं. पाणी झिरपत राहतं, खालून धरून परत वर ओतायचं. मग पिशवी उलटी टांगून पुन्हा तेच.

“किती दिवस?”

“चाळीस. आमचा बा चाळीस दिवस म्हंजे चाळीस दिवस. एकोणचाळिसाव्या दिवशी राजा आला तरी कातडं द्यायचा न्हाय.”

हे 40 दिवस मामांच्या बोलण्यात सारखे येत राहिले. चप्पल टिकत नाही, कारण 40 दिवस कुणी देत नाही. पोरगं पुण्याला नोकरीला गेलं, कारण 40 दिवस थांबायचा त्याच्यात दम नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचे धाकटे भाऊ भेटले, ते म्हणाले, कसले चाळीस, उन्हाळ्यात पंचवीस-तिसात व्हायचं. मी मामांकडे बघितलं. “त्याला काय म्हाईत, तो तवा शाळंत होता.” खरा आकडा कोणता, मला कळलं नाही. आता बाजारात येणारं बरंचसं कातडं क्रोमियमच्या क्षारांनी एखाद्या दिवसात कमावलेलं असतं, आणि मामा तळासाठी जे झाडपाल्यावर कमावलेलं म्हशीचं कातडं घेतात ते तयार होऊन थेट तमिळनाडूतून येतं, एवढं मात्र दोघांनाही मान्य होतं. 2015च्या मार्चपासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. त्याबद्दल विचारलं तर मामांनी कातडं कापायची रापी दगडावर घासायला घेतली आणि उत्तर दिलं नाही.

बाकीचं काम भराभर सांगता येईल. कातडं भिजवतात, हातोडीने कुटून घट्ट करतात, पत्र्याच्या मापावर ठेवून रापीने तळ कापतात. तळाच्या दोन थरांच्या मध्ये दोन्ही बाजूंचे कान बसवतात, टाचेला थर वाढवतात, ठसे मारतात, कड तासतात, तेल देतात. मामांची रापी कातड्यातून जाताना आवाजसुद्धा करत नाही, आणि हे सगळं बघण्यासारखंच आहे. पण माझं लक्ष पहिल्या दिवसापासून भिंतीला टेकून बसलेल्या मामींकडे होतं.

मामी शिवत होत्या. शेजारी स्टीलच्या पातेल्यात वाद्या भिजत पडलेल्या. वादी म्हणजे कातड्याची बारीक, शेवेइतकी दोरी. अस्सल कोल्हापुरीत सुतळी नाही, खिळा नाही, कातड्याने कातडं शिवायचं. पायाच्या दोन अंगठ्यांत तळ धरलेला. आरीने भोक, भोकातून वादी, एक हिसका. चर्रर्र. पुन्हा आरी. भिजलेली वादी मऊ असते, वाळताना आकसते आणि टाका आपला आपण आवळत जातो. म्हणजे टाक्याचं निम्मं काम मामी उठून भाकरी थापायला गेल्यावर होतं. आणि हे सगळं चाललेलं असताना मामी टीव्हीवरची मालिका बघत होत्या. नजर पडद्यावर, आरी बरोबर जागेवर. मी विचारलं, न बघता कसं जमतं?

“मी बघून शिवतच न्हाय. बघितलं की चुकतो.”

(कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल ‘मी करतो, मी जातो’ म्हणतात. पुण्यात ते ऐकून लोक हसतात. मला ते फार आवडतं.)

मी टाके मोजायला लागले. तीनदा मोजले, तीनदा चुकले, कारण प्रत्येक वेळी तो चर्रर्र आवाज आला की मी आकडा विसरून हाताकडे बघत बसायची. पट्ट्यावरची वेणीही मामींचीच. बकऱ्याच्या पातळ कातड्याच्या पट्ट्या मुलीचे केस विंचरावेत तशा त्या पायाच्या अंगठ्याला अडकवून विणत जातात. कापायचं काम पुरुषांचं, शिलाई आणि वेणी बायकांची, अशी ही जुनी वाटणी आहे. वर्तमानपत्रात फोटो येतो तो बहुतेक रापीचा. मामांना मुलाखती द्यायची सवय झाली आहे. मामींना मी नाव विचारलं तेव्हा त्यांनी आधी मामांकडे बघितलं.

मुलाखतींची सवय गेल्या वर्षीची. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने आपल्या मॉडेलच्या पायात हुबेहूब कोल्हापुरी घातली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इकडे गदारोळ झाला, मग कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबरात जाहीर झालं की महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून 2,000 जोड करून घेऊन साधारण 800 युरोंना एक असे विकणार. मामांना बातमी माहीत होती, रुपये माहीत नव्हते. मी फोनवर हिशेब केला: ऐंशी हजारांच्या वर.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आनि टिकंल किती?”

भिंतीवर भौगोलिक मानांकनाचा कागद चौकटीत लावलेला आहे. 2019 मध्ये ते मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा 8 जिल्ह्यांना मिळून. या 8 जिल्ह्यांबाहेर केलेली चप्पल कोल्हापुरी म्हणून विकता येत नाही, असा कायदा. माझ्या पायात फुटलेल्या जोडाची गोष्ट मी मामांना सांगितली, निळ्या अक्षरांसकट. ते इतके हसले की ठसका लागला. मग उठले, माळ्यावरून दोन जोड काढले आणि शेजारी शेजारी ठेवले. “सांगा, कुठला पुठ्ठ्याचा?” वरून मला काही कळेना. दोन्हींवर वेणी, दोन्हींवर गोंडा. एकाची वेणी तर जास्तच देखणी.

“वरनं बघू नका. पायताण उलटं करून बघा.”

उलटं केल्यावर लहान मुलालाही कळलं असतं. एकाच्या तळाला कडेने वादीचे टाके, थोडे वाकडे, थोडे कमी-जास्त, हाताचे. दुसऱ्याचा तळ सपाट, गुळगुळीत, कडेने रेषा कोरून टाक्यांचा नुसता भास. नखाने कड खरवडली तर सोल्युशनचा पांढरा पापुद्रा निघाला. मामांनी शिवलेला तळ दोन्ही हातांनी वाकवला, तो कुरकुरला. मला आजोबा आठवले. ती करकर कशाने येते म्हणून विचारलं, तर मामा म्हणाले, तळात विंचू घालायचे. घाबरू नका, विंचू म्हंजे एका झाडाची बी, नांगीवाली. मिशीवाल्या माणसाचं पायताण लांबून ऐकू आलं पाहिजे म्हणून. आता कुणी मागत नाही, ऑफिसात कसं घालणार?

मी स्वतःसाठी जोड मागितला. मामींनी माझा पाय जमिनीवरच्या कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. माझं माप घ्यायला त्या खाली वाकल्या तेव्हा मी पटकन खाली बसले, का ते त्यांना सांगितलं नाही. तेव्हाच लक्षात आलं, मामींच्या बाजूला निळ्या पट्ट्यांच्या रबरी स्लिपर पडल्या होत्या. मामांच्याही तशाच. मी बघतेय हे मामींना दिसलं.

“आमच्यातली चप्पल न्हाणीत कशी चालंल ओ? आनि पावसात?”

पावसाळ्यात त्या घराचं काम जवळजवळ थांबतं, कातडं वाळत नाही, वाळलेल्याला बुरशी येते. जूनपासून गणपतीपर्यंत हात आखडता. या हिशेबात 40 दिवसांचं कौतुक करायला मला जरा जड जातं. थांबायची किंमत कुणीतरी देत असतं, आणि ती चप्पल घेणारा देत नसतो. मी 1,800 रुपये दिले, घासाघीस केली नाही, आणि केली नाही याचं मनात थोडं कौतुक वाटून घेतलं. ते मामींनी ओळखलं असावं, कारण त्यांनी गोंडा जरा मोठा लावून दिला.

नवं पायताण चावलं. पहिले आठ दिवस अंगठ्याला पट्टी लावून फिरले. मामांनी सांगितल्याप्रमाणे रात्री तेल लावलं, उन्हात ठेवलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते चावायचं बंद झालं, आणि नंतर कधीतरी पाहिलं तर तळावर माझ्या पाची बोटांचे खड्डे उमटले होते. आता ती चप्पल दुसऱ्या कुणाला होणार नाही.

मार्चमध्ये वेणीचा एक पदर सुटला. पुण्यात कुणीही दहा मिनिटांत बसवून दिला असता. मी एसटी पकडून कोल्हापूरला गेले. मामा बाहेर गेले होते, मामी एकट्याच टीव्हीसमोर, पातेल्यात वाद्या भिजलेल्या. त्यांनी चप्पल घेतली, वेणीकडे पाहिलंही नाही, आधी उलटी केली. अंगठा तळाच्या कडेवरून फिरवत टाचेपाशी आणला.

“उजवीकडं बाहेरनं झिजलंय. गुडघा दुखतो व्हय?”

दिवाळीपासून दुखत होता. घरी मी कुणाला बोलले नव्हते, डॉक्टरांकडे जायचं टाळत होते. मी मान हलवली. मामींनी एक पातळ तुकडा रापीने एका बाजूला उतरता तासला, टाचेच्या बाहेरच्या कडेला दिला आणि चार टाके घातले. चर्रर्र, चर्रर्र. मग वेणीचा पदर बसवला, बसवताना टीव्हीकडे बघितलं.

“घाला. बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन या.”

मी गेले आणि वळून परत आले. मालिका ऐन रंगात होती, कुणीतरी रडत होतं. मामींचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या दारात येऊन माझ्या पायांकडे बघत होत्या.

“अजून एकदा जावा,” म्हणाल्या.