आभाळातून दिसलेले खड्डे

शाळेच्या गच्चीवरून कधी मैदान पाहिलंय? आमच्या शाळेत नळाच्या पाइपसाठी चर खणून बुजवला होता. मैदानात उभं राहिलं की काही कळत नसे. गच्चीवरून मात्र वेगळ्या रंगाच्या मातीचा सरळ पट्टा दिसायचा. अमेरिकेत हीच युक्ती वापरून जमिनीत पुरलेल्या तोफगोळ्यांचा माग काढला गेला.

वॉशिंग्टन शहरात स्प्रिंग व्हॅली नावाची टुमदार बंगल्यांची वस्ती आहे. ५ जानेवारी १९९३ रोजी तिथे चर खणताना कामगारांना जुने तोफगोळे सापडले. भर वस्तीत तोफगोळे! आले कुठून?

पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ साली, सैन्याने तिथल्या अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या आवारात विषारी वायूंचे प्रयोग चालवले होते. मस्टर्ड वायूसारखी भयंकर रसायनं आजूबाजूच्या मोकळ्या रानात वापरून पाहिली जात. युद्ध संपलं. उरलासुरला काही माल तिथेच खड्ड्यांत पुरला गेला. पुढे त्या जागेवर घरं उठली, मुलं अंगणात खेळू लागली. आणि खाली काय आहे, याचा बहुतेकांना पत्ताच नाही!

पण १९१८ साली विमानातून काढलेले फोटो शिल्लक होते. तज्ज्ञ भिंग घेऊन बसले. नुकतीच उकरलेली माती फोटोत बहुधा फिकट दिसते. आणि खड्डा की ढिगारा, हे कसं ओळखायचं? सावलीवरून. तुम्हीही करून बघा. परातीत ओली माती घ्या, एक खळगा करा, शेजारी एक ढीग करा आणि बाजूने टॉर्च मारा. खळग्यात टॉर्चकडच्या काठाखाली अंधार दिसेल. ढिगाची सावली मात्र पलीकडे, बाहेर पडेल. शिवाय एकाच जागेचे थोड्या अंतरावरून घेतलेले दोन फोटो खास यंत्रातून एकदम पाहिले, की जमिनीचा चढउतार उठून दिसतो.

खरी मेख पुढेच आहे बरं का. १९१८ च्या फोटोतला ठिपका आज नेमका कुठे? तेव्हाचे रस्ते गेले, झाडं गेली. मग न हललेली जुनी इमारत धरून अंतर मोजायचं. इथेच घोटाळा झाला. एका खड्ड्याची जागा चुकली, तिथे विशेष काही मिळालं नाही आणि १९९५ मध्ये सैन्याने काम जवळजवळ आटोपलं, असं ठरवलं. फोटो पुन्हा तपासल्यावर चूक कळली. १९९८ पासून परत शोध सुरू झाला, तेव्हा दक्षिण कोरियाच्या राजदूतांच्या बंगल्याच्या आवारात दोन मोठे खड्डे सापडले. आत शेकडो वस्तू! तोफगोळे होते, प्रयोगशाळेतल्या बाटल्याही होत्या.

शेजारच्या घराखालीही असंच काही असावं, असा संशय होता. ती जमीन साफ करण्यासाठी २०१२ साली ते अख्खं घर पाडावं लागलं.