गोदेचे वरचे गाव व खालचे गाव

आमचे बोरी गाव जिंतूरहून परभणीस जाणाऱ्या सडकेवर आहे. पाऊस वेळेवर पडला म्हणजे या सडकेच्या दोन्ही अंगांस कापूस, तूर व सोयाबीन ही पिके डोलताना दिसतात. न पडला म्हणजे तीच काळी जमीन भेगाळून जाते व सारे गाव आभाळाकडे पाहत बसते. अशा वर्षी दिवाळीच्या सुमारास पारावर बसलेल्या वडील मंडळींच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते, ते हे की, ‘वरचे लोक पाणी सोडीत नाहीत.’ हे वाक्य आमच्या विद्यार्थ्यांनीही ऐकलेले असते. परंतु वरचे म्हणजे नेमके कोण, त्यांनी पाणी का सोडावे, आणि एकाच राज्यात राहणाऱ्या, एकच भाषा बोलणाऱ्या लोकांत हा तंटा का उत्पन्न व्हावा, हे विचारले असता बहुतेक जण गप्प बसतात. त्याचा थोडासा उलगडा करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते, नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांतून वाहते आणि पैठणापासून पुढे मराठवाड्यात येते. नदी एकच, परंतु १९४८ पर्यंत तिच्या काठी दोन निरनिराळ्या सत्ता नांदत होत्या. वरचा भाग इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता आणि खालचा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इंग्रज सरकारने दुष्काळाच्या अनुभवावरून वरच्या भागात कालवे काढण्याचे मनावर घेतले. दारणेचे धरण १९१६ च्या सुमारास व प्रवरेवरील भंडारदऱ्याचे १९२६ साली पुरे झाले. निजाम सरकारनेही एक मोठे धरण बांधले. बीड जिल्ह्याच्या डोंगरात उगम पावणाऱ्या मांजरा नदीवरील ते निजामसागर १९३१ साली पुरे झाले खरे, पण झाले ते तेलंगणात. नदीचे उगमस्थान आमच्याकडे आणि भिजलेली शेते दुसरीकडे, असा तो प्रकार होता.

आगगाडीची कथाही ऐकण्यासारखी आहे. हैदराबादेहून परभणीवरून मनमाडास जाणारा लोहमार्ग गेल्या शतकाच्या अगदी आरंभी सुरू झाला, पण तो होता अरुंद रुळांचा, म्हणजे मीटर गेजचा. मुंबईचा मार्ग रुंद रुळांचा. त्यामुळे मुंबईकडे जाणारा माल मनमाडास उतरवून दुसऱ्या डब्यांत पुन्हा भरावा लागे. हे रूळ बदलण्याचे काम १९९० नंतरच्या दशकात झाले. कारखानदाराने आपला कारखाना कोठे काढावा याचा विचार करताना अशा गोष्टी तो फार बारकाईने पाहतो.

आता एक प्रश्न असा की, वरच्या भागात साखर कारखाने उभे राहिले, तसे आमच्या कापसावर मोठे धंदे का उभे राहिले नाहीत? याचे उत्तर काही अंशी पिकांच्या स्वभावातच आहे. ऊस तोडल्यावर त्यास दम धरवत नाही. तो लवकर गाळला नाही तर त्यातील साखर घटते व वजनही उतरते. म्हणून कारखान्यासच उसाच्या मळ्याजवळ यावे लागते. एकदा कारखाना आला म्हणजे त्याच्यामागून रस्ते येतात, पेढी येते, शाळा येते, दवाखाना येतो. १९५० साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि त्या टापूचे रूप पालटले. कापसाचे याहून उलट आहे. त्याची सरकी काढून गाठी बांधल्या की तो महिनोन्महिने टिकतो व हजार कोस जाऊ शकतो. त्यामुळे जिनिंगचा कारखाना तेवढा परभणीस आला. सूतगिरणी व कापडाची गिरणी मुंबईस, सोलापुरास, अहमदाबादेस राहिली. कापूस पिकवणाऱ्याच्या पदरी कच्च्या मालाचा भाव पडला आणि पक्क्या मालाचा नफा दूर गेला. ज्या प्रांताचा सगळा संसार एका पिकावर व एका मोसमी पावसावर चालतो, त्यास शेजाऱ्याची भरभराट विशेष खुपते. कारण वाईट वर्षी त्याच्याजवळ आधारास दुसरे काहीच नसते.

अशा स्थितीत मराठवाडा १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. तत्पूर्वीच, २८ सप्टेंबर १९५३ रोजी, यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे आदी निरनिराळ्या विभागांच्या पुढाऱ्यांनी नागपूर करारावर सह्या केल्या होत्या. राज्याचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावा आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यावे, असे त्यात ठरले. पुढे घटनेच्या ३७१ व्या कलमातही विभागवार विकासमंडळांची तरतूद झाली. मराठवाडा या राज्यात कोणतीही अट न घालता आला असे आमचे लोक अभिमानाने सांगतात; विश्वासाने आलेल्या माणसास उशीर अधिक झोंबतो, हेही त्याबरोबर ध्यानात घेतले पाहिजे.

या ओढाताणीचे एक उदाहरण आमच्या अगदी जवळचे आहे. राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ १९६८ साली राहुरीस झाले. त्याच्या आगेमागे विदर्भात मोठे आंदोलन झाले आणि १९६९ साली अकोल्यास दुसरे झाले. मग मराठवाडा व कोकण तरी कसे मागे राहतील? १८ मे १९७२ या एकाच दिवशी परभणी व दापोली येथे तिसरे व चौथे विद्यापीठ स्थापन झाले. एका राज्यात चार कृषी विद्यापीठे कशास, असे कोणी म्हणेल. परंतु कोकणातील भात व आंबा, विदर्भातील संत्री, नगरकडील ऊस व आमची जिरायती ज्वारी यांचे प्रश्नच भिन्न आहेत. रब्बी हंगामातील ‘परभणी मोती’ ही ज्वारी याच विद्यापीठाची. भांडणातून निघालेली ही एक गोष्ट तरी शेतकऱ्याच्या उपयोगी पडली, असे माझे मत आहे.

तथापि पैशाच्या वाटपाचा प्रश्न सुटला नाही. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे लावून धरला. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन झाले. शेवटी १९८३ साली सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीची रीत साधी होती. रस्ते, पाटबंधारे, शाळा, दवाखाने, वीज इत्यादींची राज्याची सरासरी काढावयाची. जो जिल्हा त्या सरासरीखाली असेल तो तेथवर आणण्यास किती खर्च येईल ते मांडावयाचे. या तुटीस ‘अनुशेष’ हे नाव रूढ झाले. १९८४ च्या अहवालात एकंदर अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५० कोटींचा, विदर्भाचा त्याहून मोठा. पण गंमत अशी की, जवळजवळ सदतीस टक्के अनुशेष उर्वरित महाराष्ट्रातही निघाला. म्हणजे ज्यांस आम्ही सरसकट श्रीमंत समजत होतो, त्यांच्यातही कोरडे व उपेक्षित जिल्हे होते. हा आकडा सभेतील भाषणांत फारसा कोणी सांगत नाही. पुढे १९९४ साली विकासमंडळे स्थापन झाली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.

आता मूळच्या पाण्याकडे वळू. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. त्याच्या जलाशयास नाथसागर म्हणतात. त्यात सुमारे १०२ अब्ज घनफूट, म्हणजे लोकांच्या भाषेत १०२ टीएमसी, पाणी मावते. पैकी उपयोगात आणता येईल असे सुमारे ७६. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब असून तो परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. परंतु धरण मोठे असून भागत नाही, ते भरावे लागते. वरच्या भागात गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा, निळवंडे अशी धरणे आहेत. पाऊस बेताचा झाला की ती आधी भरतात आणि नाथसागराचा तळ उघडा पडतो.

वरच्यांची बाजू पोकळ आहे असे मात्र समजू नये. त्यांचे कालवे जुने, त्यांवर तीन पिढ्यांनी द्राक्षबागा व उसाचे मळे लावलेले. शिवाय कोरड्या पात्रातून सोडलेले पाणी पैठणास पोहोचेपर्यंत वाटेत पुष्कळ मुरते, हेही खरेच आहे. खालचे म्हणतात की, आमचे धरण जेवढ्या पाण्याच्या हिशेबाने बांधले, तेवढे पाणी तुम्ही पुढे येऊच दिले नाही. हेही तितकेच खरे. २००५ साली राज्याने जलसंपत्तीच्या नियमनाचा कायदा केला. एका खोऱ्यातील सर्व धरणांत ऑक्टोबरअखेर पाण्याचे प्रमाण सारखे असावे, असे तत्त्व त्यात घातले. त्याचे माप २०१३ च्या मेंढेगिरी समितीने बसवून दिले: खरिपाचा वापर धरून जायकवाडीत उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्के पाणी असेल तर वरून सोडण्याचे कारण नाही, कमी असेल तर ठरल्या कोष्टकाप्रमाणे सोडावे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये हे समन्यायी वाटपाचे तत्त्व कायम राखले. २०२३ च्या तुटीच्या वर्षी ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा हुकूम निघाला, तेव्हाही दोन्हीकडे मोर्चे निघाले व कज्जे झाले. पण तंटा होता तो किती पाणी, कोणत्या दिवशी, एवढ्यापुरता. ज्या भांडणास माप मिळते ते निदान मोजता येते.

असा तंटा आमच्याच नशिबी आहे असे नाही. कॅनडा देशात न्यूफाउंडलंड प्रांताचा लाब्राडोर म्हणून एक भाग आहे. तेथील चर्चिल नदीच्या धबधब्यावर वीज होते. परंतु ती बाजारात नेण्याची वाट शेजारच्या क्वेबेक प्रांतातून. १९६९ साली करार होऊन ती वीज २०४१ पर्यंत अगदी अल्प ठरीव दराने क्वेबेकास द्यावयाचे ठरले. पुढे विजेचे भाव कडाडले, क्वेबेकने नफा मिळवला आणि न्यूफाउंडलंडचे लोक हात चोळीत बसले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली करार बदलण्यास नकार दिला. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांनी नव्या समजुतीवर सह्या केल्या. याच न्यूफाउंडलंडचा दुसरा धंदा मासेमारीचा. १९९२ साली समुद्रातील कॉड मासा संपत आल्यामुळे त्याची मासेमारी बंद करावी लागली व हजारो कुटुंबांचा रोजगार एका दिवसात गेला. पुढे १९९७ पासून समुद्रातील खनिज तेल निघू लागले, तेव्हा कोठे प्रांत सावरला.

मराठवाड्यातही दुसरे आधार शोधणे सुरू झालेले आहे. जालन्यास बियाण्यांचा व पोलादाचा धंदा वाढला, छत्रपती संभाजीनगराजवळ वाळूजला मोटारींचे कारखाने आले, लातूरची डाळींची पेठ नावाजली, वसमतकडे हळद चांगली होऊ लागली. मात्र एका गोष्टीचे मला नवल वाटते. वरच्यांच्या उसास नावे ठेवता ठेवता आम्हीही आमच्या कोरड्या तालुक्यांत ऊसच लावला. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे पालकवर्गास आठवत असेलच.

शेवटी आपल्या तालुक्याची गोष्ट. पूर्णा नदीवरील येलदरीचे धरण जिंतूर तालुक्यात आहे. १९६८ च्या सुमारास ते पुरे झाले. तेथे साडेबावीस मेगावॅट विजेचे केंद्रही आहे. याच नदीवर वर, बुलढाणा जिल्ह्यात, खडकपूर्णेचे धरण झाले, तेव्हापासून येलदरीत पाणी कमी येते अशी आमची तक्रार आहे. आणि येलदरीचे पाणी पुढे हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरणातून कालव्याने वसमत व नांदेडकडे जाते. नैऋत्येचा पाऊस अपुरा झाला की तिकडची मंडळी येलदरीच्या भिंतीकडे पाहून जे म्हणतात, ते शब्द आपल्या पारावरच्या शब्दांहून फारसे निराळे नसतात. तेव्हा वरचे लोक म्हणजे आपण असतो.