खजूर, संत्रे आणि मातीतील जिवाणू

गावाकडील शेतात पडणारी डीएपीची पिशवी अनेकदा आपण नोकरी करतो त्याच सौदी अरेबियातून गेलेली असते. येथील उत्तरेकडच्या खाणींतील फॉस्फेट खडक रेल्वेने आखाताच्या किनाऱ्यावरील रास अल्-खैर येथे येतो. तेथे त्याचे खत होऊन ते जहाजाने भारतात जाते. जुलै २०२५ मध्ये ‘मादेन’ या सौदी कंपनीने पाच वर्षे दरवर्षी ३१ लाख टन डीएपी पुरविण्याचे करार भारतीय कंपन्यांशी केले. अनुदान धरूनही ५० किलोच्या पिशवीस शेतकरी १,३५० रुपये मोजतो.

त्यातील स्फुरद झाडाला मात्र पुरते मिळत नाही. अल्-हसाच्या मरूद्यानातील सुमारे २५ लाख खजुरीची झाडे वालुकामय जमिनीत उभी आहेत, तर विदर्भातील संत्रा काळ्या मातीत. दोन्हीकडे चुनखडीचे प्रमाण बरेच आढळते. चुना स्फुरदाला बांधून ठेवतो, खत मातीतच अडकते आणि पुढील हंगामासाठी पुन्हा उधारी होते.

येथे जैविक खते उपयोगी पडतात. स्फुरद विरघळविणारे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून अडकलेला स्फुरद मोकळा करतात. मायकोरायझा ही बुरशी मुळांशी सहजीवन साधून आपल्या तंतूंनी त्यांची पोहोच वाढविते. ॲझोटोबॅक्टर हवेतील नत्र स्थिर करतो. रायझोबियम मात्र द्विदल पिकांसाठी असते. ते संत्र्याला घालणे व्यर्थ होय.

ही खते रासायनिक खतांची जागा पूर्णपणे घेत नाहीत. त्यांची मात्रा कमी करण्यास साहाय्य करतात. पाकिटावरील अंतिम तारीख पाहावी, पाकीट सावलीत ठेवावे, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलसर मातीत मुळांजवळ द्यावे. रासायनिक खत वा बुरशीनाशक त्यात कालवू नये, अन्यथा जिवाणू मरतात.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखवून दिले, की शेत किफायतशीर आहे की नाही हे केवळ त्याच्या आकारावरून ठरत नाही. त्यावर लागणाऱ्या श्रम-भांडवलाशी त्याचे प्रमाण पाहावे लागते. दोन-तीन एकरांच्या आपल्या कुटुंबांना हा विचार आजही लागू पडतो. म्हणून पुढच्या वेळी खतासाठी पैसे पाठविताना भावाला वा काकांना प्रथम माती परीक्षण करून घेण्यास सांगावे, आणि बागेतील चार-पाच झाडांवर कमी मात्रेसह जैविक खत देऊन वर्षभर त्यांची नोंद ठेवण्यास सुचवावे. स्वतःच्या बागेतील नोंद पाहूनच पुढील खरेदी ठरवावी.