जुनी मोटारसायकल सुरू होत नाही तेव्हा...

मोरा बंदरावरून भाऊच्या धक्क्याची लाँच पकडणाऱ्या माणसाला पाच मिनिटांची किंमत सांगावी लागत नाही. भरती-ओहोटी कोणासाठी थांबत नाही आणि लाँचही थांबत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, उरणपर्यंत लोकलही आली. परंतु सेतूवर दुचाकीला परवानगी नाही, आणि घरापासून धक्क्यापर्यंत किंवा स्टेशनपर्यंत जायला आपल्यापैकी अनेकांना अजूनही मोटारसायकलच लागते. ती बहुधा जुनी असते. वडिलांनी वापरलेली, किंवा कोणाकडून तरी हप्त्याहप्त्याने घेतलेली.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात माझ्या पुतण्याची मुंबईला नोकरीची लेखी परीक्षा होती. रात्रभर गाडी अंगणात भिजली होती. पहाटे त्याने चोक ओढून, ॲक्सिलरेटर पिळून वीस-पंचवीस किका मारल्या. गाडीने दाद दिली नाही, नुसता पेट्रोलचा वास सुटला. रिक्षा मिळेपर्यंत लाँच गेली. तो केंद्रावर पोचला तेव्हा दरवाजा बंद झाला होता. संध्याकाळी मी गाडी पाहिली. प्लगच्या टोपीत पाणी गेले होते आणि इतक्या किका मारल्यामुळे प्लग पेट्रोलने चिंब झाला होता. दोन्ही कोरड्या फडक्याने पुसून बसवले आणि तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. वर्षभराचा अभ्यास एका फडक्यावाचून वाया गेला. ती परीक्षा पुन्हा दोन वर्षांनी निघाली. म्हणून हा लेख लिहीत आहे.

मी मेकॅनिक नाही. कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने बँकेतला कारकून आहे. वडिलांची शंभर सीसीची जुनी गाडी माझ्याकडे आली, तेव्हा मला प्लग कुठे असतो हेही ठाऊक नव्हते. एकदा केवळ कचरा अडकलेला असताना मी अख्खा कार्बोरेटर बदलून घेतला आणि त्याचे पैसे मोजले. त्यानंतर मात्र शिकायचे ठरवले. बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर आम्ही सगळी खाती उलटीसुलटी करीत बसत नाही. सोप्या ठिकाणापासून ओळीने तपासत जातो आणि फरक सापडतो. गाडीचेही तसेच आहे.

इंजिनाला हवे तरी काय?

पेट्रोलचे इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात. पहिली, पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण. दुसरी, योग्य वेळी पडणारी जोरदार ठिणगी. तिसरी, ते मिश्रण दाबून धरणारे कॉम्प्रेशन. या तिन्ही असतील तर गाडी सुरू होणारच. झाली नाही तर यातली एक नक्की कमी आहे.

मिश्रण तयार करण्याचे काम कार्बोरेटरचे. त्याचे तत्त्व सोपे आहे. पूर्वी घरोघरी डास मारायचा फ्लिटचा हातपंप असे. दांडा ढकलला की हवा जोराने नळीच्या तोंडावरून जाई आणि डब्यातले औषध वर ओढले जाऊन त्याचा फवारा उडे. वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, हे स्विस शास्त्रज्ञ डॅनियल बर्नुली याने १७३८ साली ग्रंथरूपाने मांडलेले तत्त्व होय. कार्बोरेटरमध्ये हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असते. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक भोकाच्या पितळी जेटमधून वर ओढले जाते.

वाटीत पेट्रोल किती राहावे हे फ्लोट ठरवतो. आपल्या संडासाच्या टाकीत जसा तरंगता गोळा पाणी भरल्यावर नळ बंद करतो, तसाच हा फ्लोट एका सुईने पेट्रोल अडवतो. जेट सामान्यतः दोन असतात. गाडी स्लोमध्ये असताना स्लो जेट पेट्रोल देतो, तर पूर्ण रेस दिल्यावर मेन जेट. मधल्या टप्प्यात ॲक्सिलरेटरबरोबर वर-खाली होणारी निमुळती सुई प्रमाण सांभाळते. कोणता बिघाड कुठे शोधायचा, हे या वाटणीवरूनच कळते.

वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला जास्त पेट्रोल लागते. चोक ओढल्यावर मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. परंतु गरम इंजिनाला चोक दिला की पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजतो. आपल्याकडे समुद्रकिनारी फारशी थंडी नसते. सकाळच्या पहिल्या किकपुरता चोक पुरे, दुपारी त्याची गरज नाही.

ओळीने तपासणी

१) टाकीत पेट्रोल आहे का? गाडी हलवून आवाज ऐका. कॉक उघडा आहे ना, की रिझर्व्हवर न्यायला हवा? हसू नका, बंद कॉकवर किका मारणारे पदवीधर मी पाहिले आहेत, त्यांत मीही होतो.

२) चावी फिरवली का? हँडलवर इंजिन बंद करण्याचा स्विच असल्यास तो मुलांनी दाबून ठेवलेला नाही ना? गाडी न्यूट्रलमध्ये आहे का?

३) टाकीचे झाकण उघडून पुन्हा लावा. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. ते बुजले की पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू होते, त्यामागे बरेचदा हेच कारण असते.

४) प्लगची टोपी घट्ट बसली आहे का? पावसात ती काढून आतून-बाहेरून पुसा.

५) किक हाताने हळू दाबून पाहा. एका जागी तिने जोर द्यायला हवा. किक सहज खाली जात असेल तर कॉम्प्रेशन गेले, म्हणजे वॉल्व्ह किंवा पिस्टन-रिंगचे काम. तिथे घरगुती इलाज संपतो. गाडी गॅरेजमध्ये न्यावी.

इतके पाहायला तीन-चार मिनिटे लागतात. लाँच पकडायची असली तरी तेवढा वेळ द्यावा, कारण उगाच मारलेल्या किकांनी नुकसानच होते.

प्लग सगळे सांगतो

एवढ्याने भागले नाही तर प्लग-पान्याने प्लग काढा. तो कोरडा असेल तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही. कॉक, पाइप, कार्बोरेटर तपासा. ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, पण ठिणगी पडत नाही, किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त झाले आहे.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून धरा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. टोपीचा रबरी भागच धरा, नाहीतर झटका बसतो. प्लग ज्या भोकातून काढला त्यापासून तो लांब ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. निळसर, टचटच वाजणारी ठिणगी चांगली. पिवळट, मरतुकडी ठिणगी असेल तर आधी दुसरा प्लग लावून पाहा. जुन्या गाड्यांत ठिणगीसाठी पॉइंट असतात. त्यांवर काजळी धरली तरी ठिणगी क्षीण होते.

ओल्या प्लगवर उपाय असा. प्लग पुसून वाळवा. तो बाहेर असतानाच कॉक आणि चावी बंद ठेवून पाच-सहा किका मारा, म्हणजे आत साचलेले पेट्रोल बाहेर पडेल. मग प्लग बसवा, चोक बंद ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून किक मारा. पुतण्याने नेमके उलट केले होते.

चालत्या गाडीचा प्लगही बोलतो. टोकाचा रंग बिस्किटासारखा असेल तर मिश्रण योग्य आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढराफटक रंग म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. अशाने इंजिन तापते. दोन-स्ट्रोक गाडीत ऑइलही जळत असल्याने प्लग लवकर काळा होतो, त्यामुळे खिशात एक जादा प्लग ठेवावा.

लक्षणांवरून दोष

चोक ओढल्यावरच चालते, चोक बंद केला की बंद पडते: स्लो जेटमध्ये कचरा.

स्लोमध्ये ठीक, पण वेगात ओढत नाही: मेन जेट किंवा पेट्रोलची वाट तुंबली.

कार्बोरेटरच्या खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकते: फ्लोटच्या सुईखाली कण अडकला किंवा फ्लोटला भोक पडले. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच टकटक केल्यास कण कधी कधी निघून जातो. तोवर कॉक बंद ठेवा.

रेस सोडली तरी इंजिन चढेच राहते: कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या रबराला चीर पडून तिथून हवा आत जाते, किंवा ॲक्सिलरेटरची वायर अडकते.

थंड असताना चालते, तापल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते: कॉइलचा किंवा टॅपेटच्या कमी झालेल्या गॅपचा संशय घ्यावा. याबाबत कार्बोरेटरला दोष देऊ नये.

कार्बोरेटर उघडताना

निम्म्या वेळा उघडण्याची गरजच पडत नाही. कॉक बंद करून वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करा. साचलेले पाणी आणि गाळ पेट्रोलबरोबर बाहेर येतो. मग स्क्रू घट्ट करून कॉक उघडा.

उघडावाच लागला तर आधी पांढरे फडके किंवा परात घ्या. भाग ज्या क्रमाने काढाल त्या क्रमाने मांडा. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत फिरवत किती फेरे बसतो ते मोजा आणि वहीत लिहा. विद्यार्थी मित्रांनी ही सवय लावून घ्यावी. निरीक्षण लिहून ठेवल्याशिवाय प्रयोग होत नाही.

जेटमध्ये सुई किंवा तार घालू नका. पितळ मऊ असते, भोक जरासे मोठे झाले तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. जेट पेट्रोलमध्ये बुडवून पंपाने हवा मारा. फारच अडले तर नायलॉनचा बारीक धागा वापरा. जेट उजेडासमोर धरला की गोल स्वच्छ भोक दिसले पाहिजे.

खारी हवा आणि आजचे पेट्रोल

आपल्या किनाऱ्यावर दोन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात. खाऱ्या हवेने टाकी आतून गंजते आणि तो गंज जेटमध्ये उतरतो. धक्क्यावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी शक्यतो भरलेली ठेवा. रिकाम्या जागेत दमट हवा शिरते. वायरींच्या जोडांवर हिरवट थर चढतो, तो पॉलिश पेपरने काढावा.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाणी फार झाले तर ते थर धरून तळाशी बसते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर या इंधनासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात किंवा चिरतात. शिवाय इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने त्याला हवा कमी लागते. जेट मात्र तेच राहतात, म्हणून मिश्रण थोडे पातळ होऊन सकाळी गाडी उशिरा लागते. गाडी पंधरा दिवसांहून अधिक उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करावी. पाइप आणि वॉशर वर्षातून एकदा तपासावेत.

एप्रिल २०२० च्या नियमांनंतर नव्या दुचाकींपैकी बहुतेकींत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. त्यामुळे कार्बोरेटर जाणणारे हातही हळूहळू कमी होणार. ज्याच्या घरी जुनी गाडी आहे, त्याने हे ज्ञान जवळ ठेवणे शहाणपणाचे.

जिवापेक्षा गाडी मोठी नाही

काम उघड्यावर, इंजिन थंड असताना करा. जवळ विडी-सिगारेट, देवघरातला दिवा, चूल नको. टाकीत पेट्रोल किती आहे हे काडी किंवा लायटर पेटवून कधीही पाहू नका. वीज गेली असेल तर सकाळपर्यंत थांबा. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो माणूस मारतो. ब्रेक आणि चाकांची कामे मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावीत.

मेकॅनिक बंधूंचे पोट मारावे असा या लेखाचा हेतू नाही. उलट, दोष कुठे आहे हे ठाऊक असलेले गिऱ्हाईक चांगल्या कारागिराला आवडते. आजही माझ्या गाडीच्या डिकीत प्लग-पाना, एक जादा प्लग, स्क्रू-ड्रायव्हर आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले कोरडे फडके असते. पुतण्याने दुसऱ्यांदा परीक्षा दिली, त्या पहाटे त्याने ते फडके मागून घेतले होते. गाडी पहिल्याच किकला लागली, फडक्याची गरज पडली नाही. परंतु आदल्या रात्री त्याने स्वतः प्लग काढून पुसला होता आणि गाडी छपराखाली उभी केली होती.