संकेतस्थळाचा मुकादम कोण?

संकेतस्थळ बांधणे हे संगणकवाल्यांचे काम, त्याच्याशी आपला संबंध काय, असे पुष्कळांना वाटते. आम्हांलाही वाटे. पण १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेत काय झाले ते पाहा.

ज्यांना मालकाकडून आरोग्यविमा मिळत नाही, अशांसाठी तेथील सरकारने ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ उघडले. लाखो लोक आले. पहिल्या दिवशी नोंदणी पुरी झाली अवघ्या सहा जणांची! माणसे कमी होती म्हणावे, तर कंत्राटदार ५५ होते. पण त्यांचे तुकडे जोडून घेणाऱ्या सरकारी खात्यात अखेरचा शब्द कोणाचा, हेच ठरलेले नव्हते. मागण्या बदलत राहिल्या, तारीख मात्र हलेना. मग कात्री लागली ती चाचणीला. सगळे यंत्र एकत्र चालवून पाहायला जेमतेम दोन आठवडे उरले. (नवे यंत्र असे कोणी कारखान्यात चालू करील काय?) त्यात विम्याच्या योजना पाहण्याआधीच खाते उघडण्याची सक्ती, गर्दी तेथेच तुंबली.

दुरुस्तीची हकिकत आम्हांला अधिक मोलाची वाटते. गूगलमधून आलेल्या मायकी डिकरसन यांनी बैठकीचा नियम घातला : ज्याला बिघाड सर्वांत जास्त कळतो त्याने बोलावे, हुद्द्याने मोठा असेल त्याने नव्हे; आणि दोष कोणाचा, हा वाद बाहेर. दोन महिन्यांत संकेतस्थळ बहुतेकांना वापरता येऊ लागले.

आमच्या युनियनचे सभासद-नोंदणीचे संकेतस्थळ आता व्हायचे आहे. करारात आम्ही जबाबदार माणसाचे एकच नाव मागितले आहे, आणि चाचणीसाठी पुरा महिना.