चाके टेकल्यानंतर

आमच्या शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले. पण विमान अपघात म्हटले की जुन्या औरंगाबादकराला २६ एप्रिल १९९३ हा दिवसच आठवतो. चिकलठाण्याहून उडणारे इंडियन एअरलाइन्सचे बोइंग धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले आणि ५५ माणसे गेली. आमच्या घरात त्याच्याही आधीचा एक अपघात होता. त्यात कुणाला साधे खरचटले नव्हते, तरी त्याविषयी बोलायची मुभा नव्हती.

माझे मामा १९५६ साली एका फ्लाइंग क्लबात टायगर मॉथ शिकत होते. हे दुपंखी विमान १९३१ साली इंग्लंडात प्रथम उडाले. पंख लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचे. ब्रेक नाहीत. शेपटीखाली धड चाकही नाही, जमिनीवर घासत जाणारी स्किड! नाक वर असल्याने जमिनीवर वैमानिकाला समोर फक्त इंजिन दिसते. मान बाहेर काढून दोन्ही कडा पाहत राहायचे.

खरी गोम वजनात आहे. बैलगाडीच्या भाषेत हे विमान उलार. पुढच्या दोन चाकांच्या मागे भार, म्हणून तर शेपूट खाली टेकते. धावताना नाक जरा वळले की मागचा भार पुढे धावू पाहतो आणि वळण आणखी वाढवतो. आजच्या विमानांना नाकाखाली चाक असते, भार मुख्य चाकांच्या पुढे. ती आपसूक सरळ होतात. शिवाय वेग उतरत जातो तसतसा टायगर मॉथचा रडर पायांना दाद देईनासा होतो. म्हणजे धोका टळला असे वाटते, नेमका तेव्हाच तो सुरू होतो. विमान स्वतःभोवती गिरकी घेते. वैमानिक त्याला ग्राउंड लूप म्हणतात.

मामांचे तेच झाले. डावीकडून वारा होता, नाक डावीकडे ओढले गेले आणि उजवा खालचा पंख जमिनीत रुतून मोडला. शिक्षणासाठी आजोबांनी दोन एकर गहाण टाकली होती. दुरुस्तीचे पैसे भरल्यावर पुढच्या तासांना काही उरले नाही. मामा शाळेत विज्ञान शिकवू लागले. ‘आडवा वारा’ एवढेच कारण आम्ही ऐकत आलो.

८ ऑक्टोबर २०१२ ला हवाई दलाने दुरुस्त केलेले टायगर मॉथ हिंडनला उडवले. ते टीव्हीवर पाहून मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘अरे, वारा तर उतरायच्या आधीपासून होता. तो मी सांभाळला होता.’’

‘‘मग?’’

‘‘चाकं टेकली. शेडपाशी दादा उभे होते. त्यांना ओळखू यावं म्हणून मी गॉगल वर केला. पाय सैल पडले असणार.’’

दादा म्हणजे आजोबा. त्यांना हे कधी सांगितले का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मुकुंदवाडीला आमच्या गच्चीवरून उतरणारी विमाने दिसत. चाके टेकली की नातवंडे टाळ्या पिटत. मामा खुर्चीचा हात धरून म्हणत, ‘‘थांबा, अजून नाही.’’ विमान वळून इमारतीकडे निघाले, की मगच ते हात सोडत.