मंत्राने येणारे अस्त्र
महाभारतात मंत्राने आवाहन करायच्या अस्त्रांची व्यवस्था फार काटेकोर आहे. अस्त्र सोडणे हा प्रयोग आणि सोडलेले परत घेणे हा उपसंहार, अशा दोन्ही विद्या योद्ध्याला आत्मसात कराव्या लागतात. सौप्तिकपर्वात द्रोणपुत्र अश्वत्थामा हाती आलेली गवताची काडी अभिमंत्रित करून ब्रह्मशिर अस्त्र सोडतो, तेव्हा त्यावर सोडलेले आपले अस्त्र अर्जुन आवरतो. अश्वत्थाम्याला मात्र ते साधत नाही आणि त्या अस्त्राचा आघात अर्जुनाची सून उत्तरा हिच्या गर्भावर होतो.

‘स्कायरिम’ या २०११च्या व्हिडिओ गेममधील ‘बाउंड सोर्ड’ हा मंत्र याच कल्पनेचा दूरचा नातेवाईक म्हणावा लागेल. त्यात ‘मॅजिका’, म्हणजे पात्राची जादूशक्ती, खर्च करताच वजन नसलेली तलवार हाती येते, १२० सेकंद टिकते आणि म्यान केली की नाहीशी होते. खेळात उपसंहार असा आपोआप घडतो. महाभारतात तो संयमाने कमवावा लागतो, आणि म्हणूनच तेथील कल्पना अधिक खोल आहे.